घंटीचा हिवाळा

आमच्या ऑफिसच्या बोळात छताला एक हुक आहे. उन्हाळा-पावसाळा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. थंडी पडली की मात्र एखाद्या सकाळी त्याला पिशवी लटकलेली दिसते. कधी तिच्यात तुरीच्या शेंगा असतात, कधी वांगी, कधी सांबाराच्या जुड्या. बाकी महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो तो आमचा सांबार. कुणाच्या शेतातून आलं, कुणी किती घेतलं, याची विचारपूस होत नाही. आज जिना चढून वर आलो तर पिशवी लटकली होती आणि कच्च्या शेंगांचा हिरवा, जरासा तुरट वास बोळभर पसरला होता. म्हणजे हिवाळा आला. हवामान खात्याचं नंतर बघू.

पिशवीत हात घातला आणि दर वर्षी होतं तेच झालं. वरून आता टण्ण असा आवाज येणार म्हणून मान आपोआप आखडली. आवाज आला नाही. येणारही नव्हता. पण काही हिवाळ्यांपूर्वी त्या हुकाला पितळेची घंटी टांगलेली होती, देवळात असते तशी, आणि ती मानेला अजून विसरता आलेली नाही.

आमची ब्रँडिंग एजन्सी वर्ध्यात, कापसाच्या बाजारापासून जवळ, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली बियाणं, खतं, फवारणीचे पंप, आणि वर आम्ही. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायला लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकतात आणि आमच्या काचेवरही एखादा येऊन बसतो. खालचे दुकानदार बाबाराव म्हणतात, "आमी इकतो ते उगवते तरी. तुमचं काय उगवते जी?" आम्ही नावं विकतो. हळदीला, डाळीला, जवसाच्या चटणीला, मंगल कार्यालयाला नाव द्यायचं, पाकीट काढायचं, त्यावर चार ओळी लिहायच्या. प्रत्येक ग्राहकाला पाकिटावर आधी आपल्या वडिलांचा फोटो हवा असतो, मग स्वतःचा, आणि जागा उरली तर हळदीचा. हा क्रम न भांडता उलटा करणं, एवढीच आमची कला.

त्या चार ओळी मी लिहितो. पूर्वी कॉलेजात शिकवायचो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. चित्रं प्रफुल्ल काढतो. तो गिरडकडचा, दाढीवाला, आणि दाढीमुळे आहे त्यापेक्षा गंभीर वाटणारा. हिशेब पुंडलिकराव सांभाळतात, त्यांना सगळे काका म्हणतात. आणि दाराशी, फोनजवळ, शीतल बसते. ग्राहकांचे फोन घेणं, त्यांचा राग ऐकणं आणि राग वजा करून उरलेलं आमच्यापर्यंत पोचवणं हे तिचं काम. त्या हिवाळ्यात ती नवीन होती. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की, अशी बोली होती आणि सहा महिने संक्रांतीच्या आसपास भरणार होते.

राहता राहिले मालक. त्यांचं नाव मनोहर. हे नाव लक्षात ठेवावं, कारण तो सगळा हिवाळा त्या नावावरच गेला. मी मात्र इथे त्यांना मालकच म्हणणार आहे.

मालक मूळचे वर्ध्याचेच, पण बरीच वर्षं पुण्यातल्या मोठ्या एजन्सीत काढून परत आलेले. तिथे म्हणे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारत. शिपायापासून संचालकापर्यंत. मालकांना त्याचं फार अप्रूप होतं. एकदा चहा घेताना त्यांनी ती नोकरी कशी गेली तेही सांगितलं. साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "मनोहर, तुझी जागा आम्ही बंद करतोय." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना काढलं तेही अगदी प्रेमाने, नावाने हाक मारून. मी चहा संपवला.

पण त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे म्हटलंच पाहिजे. ते आत आले की पुंडलिकराव खुर्चीतून उठून उभे राहत. दिवसातून जितक्या वेळा येतील तितक्या वेळा. मालक कानकोंडे होत. "काका, बसा हो," म्हणत. काका बसत आणि मालक पाण्याच्या बाटलीसाठी परत आले की परत उठत. मालकांना वाटायचं, ही माणसं मला घाबरतात, म्हणून चुकलं तर चुकलं असं सांगत नाहीत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पुण्याहून रिया नावाच्या एक सल्लागार बाई आणल्या. कामाच्या जागेची संस्कृती सुधारून देणं हा त्यांचा व्यवसाय. संस्कृती बाहेरगावाहून मागवता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

रिया हुशार होती, हसतमुख होती आणि तिचा स्वतःच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता. तिने आल्या आल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'आपण एक कुटुंब आहोत.' अक्षरं प्रफुल्लनेच काढली, सुरेख काढली. त्याच दुपारी तिने जाहीर केलं की आजपासून काका, भाऊ, ताई, दादा, सर, मॅडम, सगळं बंद. कुटुंब आहोत म्हटल्यावर नाती बंद, हा विचार पचायला मला थोडा वेळ लागला. बसायला मऊ, गोल, गोणीसारख्या गाद्याही आल्या. पुंडलिकराव तसल्या गादीत एकदाच बसले. त्यांना उठवायला दोघं लागले. मालक आत आल्यावर पुंडलिकराव उभे राहिले नाहीत, असं ऑफिसच्या इतिहासात तेव्हा पहिल्यांदा घडलं.

आणि घंटी. ज्याच्या तोंडून 'सर' किंवा 'काका' निसटेल त्याने बोळात जाऊन घंटी वाजवायची. शिक्षा म्हणून नाही, रिया म्हणाली, आठवण म्हणून.

पहिल्या आठवड्यात घंटी थांबली म्हणून नाही. टण्ण, सर, चूक झाली, टण्ण. प्रफुल्ल एकदा घंटी वाजवून वळला आणि समोर पुंडलिकराव दिसताच "सरका न काका" म्हणून परत माघारी गेला. खालून बाबाराव जिन्यात येऊन उभे राहिले. "काय जी मास्तर, वरती सत्यनारायण चालू हाये का? रोजच? परसाद तर आला नाई खाली." मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे माणसाले मान देला का घंटी वाजते." "हो." "बरं हाये," ते म्हणाले आणि खाली गेले. त्यांच्या 'बरं हाये'चा अर्थ मी अजून लावतो आहे.

नावाने हाक मारणं तितकं सोपं नव्हतं. माझं नाव काय, हे प्रफुल्लला पुंडलिकरावांना हळूच विचारावं लागलं. 'मनोहर' हा शब्द लोक पोस्टात पाकीट टाकावं तसे घाईने टाकून मोकळे होत, आणि पुढे "तुम्ही जेवलात का जी" म्हणत. 'मनोहरजी' चालणार नाही, असं रियाने सांगितलं. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घंटी हळूहळू शांत झाली. रियाला वाटलं, सवय झाली. सवय झालीच होती. लोकांनी एकमेकांना हाक मारणंच सोडून दिलं होतं. काम असेल तर जाऊन समोर उभं राहायचं. खाकरायचं. टेबलावर पेन्सिल वाजवायची. आणि मालकांशी बोलायचं तर एक जुनी युक्ती सगळ्यांना आपापली सुचली, कारण ती प्रत्येकाच्या घरात होती. दाढीवाला प्रफुल्ल मालकांच्या दारात उभा राहून म्हणायचा, "अहो, आयकलं का? मशीन बंद पडली." पुंडलिकराव म्हणायचे, "अहो, सही पायजे होती." आमच्या आज्या आजोबांशी जशा बोलत तसं अख्खं ऑफिस मालकांशी बोलू लागलं. आधुनिक संस्कृतीने आम्हाला थेट दोन पिढ्या मागे नेऊन सोडलं होतं.

घंटी वाजवत राहिली ती एकटी शीतल. तिची पद्धत वेगळी होती. फोन आला की ती आधी बोळात जायची, टण्ण करून यायची आणि मग मालकांच्या दारात उभी राहून ठणठणीत म्हणायची, "सर, हळदवाल्यांचा फोन." आधी शिक्षा, मग गुन्हा. एकदा मी विचारलं, "काऊन वं शीतल, आधीच वाजवून राह्यली?"

"म्हणायचं तर हायेच न मास्तर. मंग उधारी कायले ठेवायची?"

सगळे हसले. रिया हसली नाही. तिला वाटलं, ही मुद्दाम करते.

तेव्हाच जवसाच्या चटणीचं काम आलं होतं. एका गावच्या बायकांचा गट चटणी करायचा. मालकांनी त्या चटणीला एक इंग्रजी नाव सुचवलं, लांबलचक, त्यात माती होती, मुळं होती, बहुतेक पहाटही होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. "ग्रेट, मनोहर." "एकदम वेगळं, मनोहर." नावाने हाक मारायची सोय अशा वेळी बरी पडते. मीही काहीतरी 'छान' सारखं पुटपुटलो असेन. तेवढ्यात बोळातून टण्ण आलं.

"सर, राग नोका मानू," शीतल दारात उभी होती. "पण हे नाव घेऊन चटणी मांगतली तर दुकानदार शाम्पू काढून देईन."

मालकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी नाव बदललं. ती चटणी आज बऱ्यापैकी खपते आणि शाम्पूच्या फळीवर ठेवलेली मी कुठे पाहिली नाही.

आमच्या ऑफिसला एक गॅलरी आहे. हिवाळ्यात जेवणानंतर तिच्यात ऊन येतं आणि वर्ध्यातलं डिसेंबरचं ऊन सोडून आत काम करावं असं कुठल्याच धर्मात सांगितलेलं नाही. आम्ही उकडलेल्या शेंगांचा डबा मध्ये ठेवून तिथे बसत असू. मिठाचं पाणी बोटांना लागतं, शेंग दातांनी ओढायची, दाणे आत, साल बाहेर, आणि तेवढा वेळ माणूस खोटं बोलू शकत नाही, कारण तोंड मोकळं नसतं. अशाच एका दुपारी आम्ही दोघंच होतो तेव्हा शीतलने मला सांगितलं.

"मास्तर, माह्या मामाजीचं नाव मनोहर हाये."

मामाजी म्हणजे सासरे. माझी शेंग दातातच राहिली.

"मग सरांना सांग की."

"काय सांगू? सर म्हणतीन घरी नोको म्हणू, इथी म्हण. पण तोंड तर एकच हाये न." तिने शेंगेचं साल गॅलरीबाहेर टाकलं, खाली बाबारावांच्या दुकानाचा पत्रा होता. "लग्न झालं तवा घरचे सगळे म्हणत होते, सुनेले नोकरी कायले पायजे. मामाजी एकटेच म्हणले, जाऊ द्या तिले. रोज सकाळी शेताचं ओलित अर्ध्यात सोडून मले गाडीवर सिंदीच्या स्टेशनवर आणून घालतात. थंडीत. मफलर बांधून. अन् मी इथी येऊन त्यायच्या नावानं म्हणू, मनोहर, फोन घे? जीभ वळत नाई मास्तर. कोणी जबरदस्ती नाई केली माह्यावर. मलेच नाई वळत."

"आणि नोकरी पक्की नाही झाली तर?"

खालून पंपाची चाचणी चालल्याचा आवाज येत होता.

"तर लोकं म्हणतीन, गेलती मोठी हापिसात. मले नाई म्हणनार. मामाजीले म्हणतीन." मग म्हणाली, "सरले सांगू नोका. गावठी समजतीन."

मी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात मालकांनी मला आत बोलावलं. रियाचं मत पडलं होतं की शीतल इथल्या संस्कृतीत बसत नाही, तिला पक्कं करू नये. मालक पेन्सिल फिरवत म्हणाले, "काम चांगलं आहे तिचं. पण बदलायची तयारी नाही असं रिया म्हणते. तुम्हाला काय वाटतं, मास्तर?" मास्तर म्हणून गेले आणि क्षणभर दाराकडे पाहिलं. मालकांनाही घंटी लागू होती. मी म्हटलं, "शेंगांच्या सहलीनंतर ठरवा." एवढंच म्हणता येण्यासारखं होतं.

शेंगांची सहल ही आमची जुनी रीत, रियाच्या फार आधीची. दर हिवाळ्यात एका रविवारी कुणा एकाच्या शेतात जायचं. त्या वर्षीचा मान शीतलचा, दिवाळीतच ठरलेला. रियाला ही कल्पना फार आवडली. तिने तिला एक इंग्रजी नावही दिलं. शीतल आठवडाभर गप्प गप्प होती, ते तिच्या लक्षात आलं नाही.

शेत सिंदी रेल्वे या गावाच्या अलीकडे. कडेला तूर, आत वांगी, सांबार, मेथीचे वाफे. सकाळचं दव अजून पानांवर होतं आणि गोवऱ्यांचा धूर जमिनीलगत चालला होता. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला निखारे तयार होत होते. बांधावर पांढरेशुभ्र, गौळाऊ जातीचे बैल आमच्याकडे, शहरातून आलेल्या पाहुण्यांकडे पाहावं तसे, फारशी अपेक्षा न ठेवता पाहत होते. मफलर बांधलेला एक उंच म्हातारा पुढे आला. मालकांनी हात पुढे केला.

"नमस्कार. मी मनोहर."

"मीबी मनोहरच जी," म्हातारा हसून म्हणाला. "या."

मागे कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला. मालकांनी वळून शीतलकडे पाहिलं. शीतलला अचानक वांग्यांमध्ये फार रस निर्माण झाला होता. पुंडलिकराव माझ्या कानाशी म्हणाले, "घंटी आणली असती तर दोघांतल्या एकाला सर म्हणून हाक तरी मारता आली असती."

रोडगे निखाऱ्यातून निघाले, राख झटकून फोडले, वर तुपाची धार पडली, वांग्याची भाजी पानात आली. झणझणीत. रियाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काका, पाणी मिळेल?" ती म्हणाली.

"टण्ण!" प्रफुल्लने तोंडाने आवाज काढला.

सगळे फिदीफिदी हसले. रिया आधी गोंधळली, मग तिलाही हसू फुटलं, ठसक्यासकट. म्हाताऱ्याने पाणी दिलं आणि विचारलं, काय झालं? कुणी काही सांगेना. शेवटी रियानेच सांगितलं, प्रामाणिकपणे, काही न लपवता: नावाने हाक मारायचा नियम, घंटी, आणि शीतलला ते जमत नाही म्हणून तिच्या नोकरीचा प्रश्न. म्हातारा ऐकत होता. शीतल खाली मान घालून तुपाचं भांडं उगाच पुसत होती.

"म्हणजे तिथी माह्यं नाव घ्या लागते तिले," तो म्हणाला. मग उठला. हात धुतले, मफलर नीट केला. "घे वं बाई. एका नावासाठी नोकरी कायले घालवतं? मी तिकडं विहिरीवर जातो. मले आयकू येनार नाई."

आणि तो निघालाच. तुरीच्या ओळींमधून, पाठमोरा, मागे न पाहता. सून आपलं नाव उच्चारेल तेव्हा आपण ऐकण्याच्या टप्प्यात असू नये म्हणून स्वतःच्या शेतातून चालत जाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. निखारे तडतडत होते. तो विहिरीपाशी पोचला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

शीतल उभी राहिली. पदराला हात पुसले. मालकांकडे पाहिलं, रियाकडे पाहिलं. मग तोंडाशी हात नेऊन, एका शेतातून दुसऱ्या शेतात पोचणाऱ्या आवाजात तिने हाक मारली.

"मामाजीऽऽ! या जी वापस! रोडगे थंडे होऊन राह्यले!"

म्हातारा वळला. आला तसाच तुरीतून परत आला. जवळ येऊन त्याने मालकांना विचारलं, "मारली का तिनं हाक? मले तर दुसरीच आयकू आली."

"तीच मारली," मालक म्हणाले. त्यांच्या हातात रोडगा तसाच होता. "मामाजी, हे सगळे मला मनोहर म्हणतात आणि मी कितीही मूर्खपणा केला तरी वा म्हणतात. ही सर म्हणते आणि तोंडावर सांगते की चटणीचा शाम्पू झाला. मला पाहिजे होतं ते हेच. मी ते नावात शोधत बसलो." मग शीतलला म्हणाले, "तू पक्की. उद्यापासून म्हटलं असतं, पण उद्यापर्यंत कशाला थांबायचं."

शीतलने सासऱ्यांच्या पानात एक रोडगा जास्तीचा फोडला आणि त्यावर तूप इतकं ओतलं की ते बस वं, बस वं म्हणत राहिले.

"पण मनोहर, पॉलिसीचं काय?" रियाने विचारलं.

"काय म्हन्ता बाई?" म्हातारा म्हणाला. मालकही त्याच वेळी "काय?" म्हणाले. त्यानंतर त्या विषयावर गंभीर चर्चा होणं शक्य नव्हतं.

सोमवारी घंटी उतरली. पुंडलिकराव पुन्हा उठून उभे राहू लागले. मालकांनी तेही सोडून दिलं. भिंतीवर 'आपण एक कुटुंब आहोत' अजून आहे, अक्षरं चांगली आहेत म्हणून. रियाचा करार संपला. नव्या वर्षाच्या शुभेच्छा ती न चुकता पाठवते, आणि त्यात 'शीतलताईंना नमस्कार' असतो. पुण्यात कुणी घंटी वाजवत असेल तर माहीत नाही.

घंटी मालकांनी म्हाताऱ्याला दिली. मोडीत काढण्यापेक्षा कामास येईल म्हणून. त्याने ती एका बैलाच्या गळ्यात बांधली. तेव्हापासून सहल त्याच शेतात जाते, दुसऱ्या कुणाचा मान आता लागत नाही. येत्या रविवारीही आहे. आमच्या ऑफिसच्या त्या नियमाचं पुढे काय झालं, असं कुणी विचारलं तर तो पूर्ण फसला असं म्हणता येणार नाही. गाडी बांधाला लागली की मफलरवाला म्हातारा तिथूनच हाक मारतो, "काय गा मनोहर, आला का?" आणि मालक घाईघाईने उतरून म्हणतात, "आलो जी मामाजी." जिल्ह्यात त्यांना नावाने हाक मारणारा आता तो एकच माणूस आहे आणि तो आमच्याकडे नोकरीला नाही.

मग आम्ही निखाऱ्याभोवती बसतो. शेंगा उकडत असतात. मध्येच बैल माशी हाकलायला मान झटकतो, टण्ण वाजतं, आणि पुंडलिकराव रोडग्यावरची नजर न उचलता विचारतात, "कोण म्हणलं सर?"